नवं घर घेताय? आधी कागद, मग पैसे

(या महिन्याचा अभ्यासपाठ. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मध्ये थांबून बोललं तरी चालेल.)



'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपल्या आज्या म्हणायच्या. आता आपल्या खेड तालुक्यात घर बांधणारे कमी आणि बांधलेलं घेणारे जास्त झालेत. चाकणला एमआयडीसी आली, कंपन्या आल्या, कामाला माणसं आली. आधी त्यांच्यासाठी खोल्या झाल्या, मग बिल्डिंगी. पुणे-नाशिक रस्त्याने एसटीतून जाताना बाहेर बघा. जिथे कांदा नाहीतर बटाटा असायचा तिथे आता '१ बीएचके, लवकरच ताबा' असे बोर्ड दिसतात.

त्याचा परिणाम गटातही दिसतो. मी बैठकांना येते तेव्हा कर्जमागणी ऐकते. पूर्वी शेळी, खत, शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना ही कारणं असायची. आता त्यात 'फ्लॅटचं बुकिंग' हे कारण आलंय. बाईला स्वतःचं घर हवं यात चुकीचं काही नाही. पण घर ही आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी असते आणि आपण ती साडी घेण्यापेक्षाही घाईत करतो. साडी निदान पदर उलगडून बघतो.

हा पाठ लिहायचं खरं कारण म्हणजे माझी एक चूक. ती आधी सांगते.

काय झालं होतं

आपल्या एका गटातल्या ताई. नाव लिहीत नाही, त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. त्यांचे मालक चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला. पाच हजार भाड्याच्या एका खोलीत चौघं राहायचे. जवळच्या गावात २२ लाखांत नवीन फ्लॅट मिळतोय असं कळलं. बिल्डरने सॅम्पल फ्लॅट दाखवला, चहा पाजला आणि म्हणाला, 'चारच राहिलेत, पुढच्या महिन्यात रेट वाढणार.'

ताईंनी मला विचारलं होतं, 'मॅडम, कागद बघता का?' मी बघितले. ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता, लाईट मीटर होता, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद होता. मी म्हणाले, 'नमुना ८ आहे ना, मग काही हरकत नाही.' मी समाजकार्याचं शिक्षण घेतलंय, पण घराच्या कागदातलं मला काही कळत नव्हतं. 'मला माहीत नाही, आपण विचारू' असं म्हणायला हवं होतं. ते मी म्हणाले नाही.

ताईंनी चार वेळा मिळून ३ लाख रुपये दिले. त्यातले ५० हजार गटाचं कर्ज, बाकी सोनं गहाण ठेवून आणि दोन शेळ्या विकून. नंतर गृहकर्जासाठी बँकेत गेल्या तेव्हा साहेबांनी कागद परत दिले. बांधकामाचा मंजूर नकाशा नाही, महारेराचा नंबर नाही, म्हणून कर्ज नाही. बिल्डरकडे पैसे परत मागितले तर तो म्हणाला, 'दुसरं गिऱ्हाईक आलं की देतो.' आजपर्यंत १ लाख ४० हजार परत मिळालेत. गटाचा हप्ता मात्र ताई दर महिन्याला भरतायत, एकही चुकवलेला नाही.

आणखी एक गोष्ट. चारही पावत्या मालकांच्या नावावर आहेत. सोनं ताईंचं, शेळ्या ताईंच्या, गटाचं कर्ज ताईंच्या नावावर. पण घराच्या एकाही कागदावर ताईंचं नाव नाही.

म्हणून या पाठात दोनच गोष्टी शिकायच्या आहेत. पैसे देण्याआधी कागद बघायचा. आणि त्या कागदावर आपलं नाव आहे का ते बघायचं.

१. नमुना ८ म्हणजे परवानगी नाही

माझी जी चूक झाली ती सगळ्यांची होते, म्हणून आधी हेच.

नमुना ८ हा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. कर कुणाकडून घ्यायचा हे त्यात लिहिलेलं असतं. घर परवानगी घेऊन बांधलंय का, हे तो सांगत नाही. लाईटबिल तर फक्त वीज वापरल्याचं सांगतं.

मग काय बघायचं?

सातबारा. इमारत ज्या गटनंबरवर उभी आहे त्याचा ताजा उतारा घ्या. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. मालकाचं नाव बघाच, पण 'इतर हक्क' हा रकानाही वाचा. बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा, कूळ, बहिणींचे हक्क हे सगळं तिथे असतं. आपल्या तालुक्यात धरणांमुळे काही उताऱ्यांवर पुनर्वसनाचा शेरा असतो, तोही बघा. 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलं असेल तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही.

एनए, म्हणजे अकृषक परवानगी. जमीन शेतीची आणि वर चार मजले, असं चालत नाही.

मंजूर नकाशा आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला. नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर तो नगरपरिषद देते. चाकणच्या आजूबाजूची बरीच गावं पीएमआरडीएकडे आहेत, तिथे परवानगी पीएमआरडीए देते. फक्त सरपंचाच्या सहीचा दाखला दाखवून कुणी बहुमजली बिल्डिंग विकत असेल तर तिथेच थांबा.

भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला ओसी म्हणतात. इमारत नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहायला योग्य आहे, असं सांगणारा हा कागद. तयार घर घेत असाल तर हा कागद हवाच.

इथे एक गोंधळ होतो. बिल्डर म्हणतो, 'सीसी आलीये.' पण सीसी दोन असतात. एक बांधकाम सुरू करायची आणि दुसरी पूर्ण झाल्याची. पहिली असते पाया खणायच्या वेळची आणि आपल्याला वाटतं घर तयार झालं. म्हणून विचारायचं, 'कुठली सीसी? दाखवा.'

२. महारेराचा नंबर

बिल्डरांवर वचक राहावा म्हणून २०१६ साली रेरा कायदा झाला. आपल्या राज्यात त्याचं काम महारेरा हे प्राधिकरण बघतं. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत (म्हणजे साधारण पाच गुंठे) असेल किंवा घरं ८ पर्यंतच असतील तर नोंदणीतून सूट आहे. त्यापेक्षा मोठ्या प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही.

आपल्या ताईंना बिल्डरने सांगितलं होतं, 'एका बिल्डिंगीत आठच फ्लॅट आहेत, आम्हाला रेरा लागत नाही.' पण त्याच जमिनीवर त्याच्या तीन बिल्डिंगी होत्या. कायदा सगळे टप्पे एकत्र मोजतो. आठ त्रिक चोवीस झाले. हा हिशेब आपल्या गटातली कुठलीही बाई करू शकते, फक्त नियम माहीत हवा.

नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नंबर आणि क्यूआर कोड असायलाच हवा. ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाईलने स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. त्यात पाच गोष्टी बघा: जमीन कुणाची, मंजूर नकाशा कोणता, घर कधी पूर्ण करायचं कबूल केलंय, किती घरं विकली गेलीत आणि कोर्टात केस आहे का. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा. ती दोन मिनिटांत काढून देईल.

मधल्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. 'आपलाच माणूस आहे' ही काही नोंदणी नव्हे.

३. दहा टक्क्यांची रेघ

ही गोष्ट पाठ करून ठेवा. करारनामा लिहून त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. २२ लाखांच्या घराला ही रेघ २ लाख २० हजारांवर येते. आपल्या ताईंनी ३ लाख दिले होते आणि हातात होता नोटरीचा कागद.

नोटरी वेगळी आणि नोंदणी वेगळी. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते. तिथे फोटो निघतो, अंगठा घेतात आणि नंतर 'सूची २' म्हणजे इंडेक्स टू मिळते. तुमच्या हातात इंडेक्स टू नसेल तर घराचा करार झाला असं समजू नका.

आणि पैसे शक्यतो चेकने किंवा बँकेतून द्या. गटात आपण दहा रुपयांचीही नोंद पासबुकात करतो. मग लाखाची नोंद कच्च्या चिठ्ठीवर का?

४. घर केवढं?

'साडेसहाशेचा फ्लॅट आहे' असं सांगतात. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं धरलेलं असतं. रेरा कायद्याप्रमाणे घर विकायचं ते चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर. घराच्या आतली वापरायची जागा आणि आतल्या भिंती एवढंच त्यात येतं. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न, 'कार्पेट किती?' दुसरा प्रश्न, 'करारात तेच लिहिणार ना?' आणि जाताना मोजपट्टी सोबत न्या. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. सगळ्या खोल्या मोजा, बेरीज करा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

सॅम्पल फ्लॅटला भुलू नका. तिथला पलंग लहान करून घेतलेला असतो, म्हणून खोली मोठी वाटते. आपलं कपाट, आपली गादी, सासूबाईंची खाट डोळ्यासमोर ठेवून बघा.

५. खरा खर्च मांडून बघू

२२ लाखांचं घर २२ लाखांत येत नाही. बांधकाम चालू असताना घेतलं तर जीएसटी लागतो. आपल्या भागात ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला तो १ टक्का, म्हणजे २२ हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत घर घेतलं तर जीएसटी नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही, म्हणजे इथे २२ हजार. मुद्रांक शुल्क वेगळं, त्याचा दर गाव, नगरपरिषद आणि महापालिकेला वेगवेगळा असतो. शिवाय वकील, बँकेची फी, मीटर, सोसायटीची वर्गणी. बिल्डर 'पॅकेज' म्हणाला तर त्यात काय काय आलं ते लिहून घ्या.

आता कर्ज. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, प्रत्यक्षात बऱ्याचदा कमीच मिळतं. समजा १८ लाख मिळाले, व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो सुमारे १६ हजार २०० रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १३ हजार ५०० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त २ हजार ७००. वीस वर्षांत आपण भरतो सुमारे ३८ लाख ८७ हजार.

हे घाबरवायला सांगत नाही. भाडं भरूनही पैसे जातातच. पण पाच हजारांचं भाडं आणि सोळा हजारांचा हप्ता यातलं अंतर दर महिन्याला कुठून येणार, हे आधी लिहून काढा. मालकांचं काम कंत्राटी असेल तर ब्रेकच्या महिन्यात हप्ता कोण भरणार? माझ्या मते घरात येणाऱ्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा नसावा. गटाचं कर्ज काढून बँकेचा हप्ता भरायची वेळ आली तर ते घर आपल्याला झेपत नाही असं समजावं.

ज्यांच्या नावावर देशात कुठेच पक्कं घर नाही आणि घराचं वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत आहे, त्यांनी बँकेत प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधल्या व्याज सवलतीची चौकशी जरूर करावी. ३५ लाखांपर्यंतच्या घराला आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ती आहे. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. योजना शहरी आहे, म्हणून आपलं गाव तिच्यात बसतं का ते आधी विचारा. एजंटला त्यासाठी पैसे देऊ नका.

६. नाव कुणाचं?

घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ही १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. २२ लाखांवर २२ हजार रुपये वाचतात. आधी अट होती की असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर मात्र ही सवलत मिळत नाही.

'पण माझा पगार नाही, बँक मला कर्ज कशी देईल?' हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. घर बायकोच्या नावावर आणि नवरा सहकर्जदार, असं होऊ शकतं. बँकेत स्पष्ट विचारा.

सवलतीचं सोडा. दोघांच्या नावावर घेतलंत तरी चालेल, पण आपलं नाव करारनाम्यात 'खरेदीदार' म्हणून हवं. साक्षीदार म्हणून नको आणि नॉमिनी म्हणूनही नको. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या ताईंच्या मालकांचं मन काही वाईट नाही. नाव घालायचं कुणाला सुचलंच नाही आणि ताईंनीही विचारलं नाही. हे असंच होतं. म्हणून आपणच विचारायचं.

७. चावी घेण्याआधी

घर बघायला एकदा एप्रिल-मे महिन्यात जा आणि एकदा भर पावसात. उन्हाळ्यात कळतं पाणी नळाचं आहे की टँकरचं. टँकरचे पैसे सोसायटीच्या महिन्याच्या वर्गणीत येतात, म्हणजे आपल्याच खिशातून. पावसात कळतं रस्ता आहे की चिखल, आणि ड्रेनेज कुठे जातं. तिथे आधी राहायला आलेल्या बायकांशी बोला. बिल्डर जे सांगत नाही ते दारात भांडी घासणारी बाई सांगते.

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला, तर लेखी कळवल्यावर ३० दिवसांत तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. कबूल केलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा थांबायचं असेल तर उशिराबद्दल दर महिन्याचं व्याज मागता येतं.

फसलो तर?

गप्प बसू नका. महारेराकडे तक्रार करता येते. नोंदणी करायला हवी होती पण केलीच नाही, अशा प्रकल्पाबद्दलही कळवता येतं. आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना माहीत आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. राजगुरुनगरच्या कोर्टात मी ताईंबरोबर गेले होते. अर्ज साधा आहे. तिथे वकिलांनी पहिल्यांदा विचारलं, 'पावत्या कुणाच्या नावावर आहेत?' ताईंनी माझ्याकडे बघितलं. तो क्षण माझ्या लक्षात राहिलाय.

वकिलाकडे संकटात जाण्यापेक्षा आधी जाणं स्वस्त पडतं. जमिनीचा ३० वर्षांचा शोध अहवाल (सर्च रिपोर्ट) आपल्या वकिलाकडून करून घ्या, बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नको.

गटासाठी काम

गटाचा पैसा सगळ्यांचा आहे. म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत चर्चा करून असा ठराव घ्यावा आणि इतिवृत्तात लिहावा: घराच्या बुकिंगसाठी अंतर्गत कर्ज देण्याआधी गटाने महारेरा नंबर (सूट असेल तर मंजूर नकाशा), ताजा सातबारा आणि करारनाम्याचा मसुदा बघावा. मसुद्यात आपल्या सभासदाचं नाव आहे का, हेही बघावं. यात कुणावर अविश्वास नाही. बिल्डरला 'आमचा गट विचारतोय' असं सांगता आलं की एकट्या बाईला बळ येतं.

चर्चेसाठी प्रश्न:

१. सध्या आपण राहतो ते घर कुणाच्या नावावर आहे? प्रत्येकीने सांगावं.

२. आपल्या ओळखीत कुणी नवीन घर घेतलंय का? त्यांनी यातले कोणते कागद बघितले होते?

३. २५ लाखांच्या घराला दहा टक्क्यांची रेघ किती रुपयांवर येते?

४. घरी जाऊन आपलं घर मोजा आणि कार्पेट किती ते पुढच्या बैठकीत सांगा.

कागद बघायचे असतील तर मला बोलवा. मला कळत नसेल तर आता मी तसं सांगेन आणि आपण दोघी मिळून ज्याला कळतं त्याच्याकडे जाऊ. ताई अजून त्याच खोलीत राहतात. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'मॅडम, घर घ्यायचं सोडलेलं नाही. पण आता आधी मी वाचणार.'

तुमची,
क्षेत्र समन्वयक